अधांतरीं भोजन

श्रोतेहो, वरण वाटींत राहतें आणि भात ताटांत, यांत नवल तें काय, असें आपण म्हणाल. पण पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या अंतराळयानांत यांतील एकही गोष्ट गृहीत धरतां येत नाहीं. तेथें गुरुत्वाकर्षणच नसतें, हा समज मात्र खरा नव्हे. यान आणि आंतील माणसें एकाच गतीनें सतत पृथ्वीकडे पडत असतात. म्हणून कशाचाच भार कशावर येत नाहीं.

पहिली शंका होती ती घांसाची. खालीं ओढणारें कांहींच जाणवत नसतां घांस पोटांत उतरावा कसा? १९६२ च्या फेब्रुवारींत जॉन ग्लेन या अमेरिकन वीरानें नळींतून सफरचंदाचा गर तोंडांत पिळला आणि तो विनासायास गिळला. अन्ननलिकेचे स्नायूच घांस पुढें ढकलतात. खालीं डोकें वर पाय करूनही माणसाला गिळतां येतें. (बालश्रोत्यांनीं याची परीक्षा घरीं पाहूं नये!)

खरें संकट निघालें तें चुऱ्याचें. पावाचे कण खालीं न पडतां हवेंत तरंगतात. डोळ्यांत जातात, श्वासाबरोबर नाकांत शिरतात, यंत्रांच्या फटींत जाऊन बसतात. १९६५ च्या मार्चमध्यें जेमिनी ३ यानांत जॉन यंग यानें चोरून आणलेलें सँडविच खिशांतून काढलें. सोबती ग्रिसम यानें घांस घेतला मात्र, तों चुरा सुटूं लागला. त्यानें तें मुकाट्यानें आपल्या खिशांत घातलें. या दोन घांसांची विचारपूस पुढें अमेरिकेच्या विधिमंडळापर्यंत गेली! त्यांत हंसण्यासारखें आहे खरें. पण एक कण भलत्या ठिकाणीं जाता, तर हंसावयास कोण उरतें?

आज पावाऐवजीं तेथें मेक्सिकोची टॉर्टिया, म्हणजे आपल्या पोळीची बहीणच, वापरतात. मीठ पाण्यांत आणि मिरपूड तेलांत मिसळून देतात. पाणी पेल्यांत राहत नाहीं, गोळा होऊन तरंगतें. म्हणून तें पिशवींतून नळीनें ओढावें लागतें. ओला, दाट पदार्थ मात्र पृष्ठताणामुळें चमच्याला चिकटून राहतो, आणि चमचा हळू नेला तर तोंडापर्यंत निमूट येतो. १९८४ च्या एप्रिलांत राकेश शर्मा यांच्याबरोबर म्हैसूरच्या संरक्षण-अन्न प्रयोगशाळेनें जे पदार्थ दिले, त्यांत रव्याचा शिरा होता. ही निवड मला मोठी शहाणपणाची वाटते.

चवीचें मात्र थोडें कठीणच. शरीरांतील द्रव डोक्याकडे चढतो, पडसें झाल्याप्रमाणें नाक चोंदतें आणि अन्न बेचव लागतें. त्यामुळें तिखट चटणीच्या बाटलीला तेथें मोठी मागणी असते.