ऑपरेशन फ्लड: परदेशी भुकटी, देशी सहकार

ऑपरेशन फ्लड ही 1970 ते 1996 या काळात तीन टप्प्यांत राबवलेली दूधविकास योजना. ग्रामीण सहकाराला परकीय मदत मिळाल्याचे ते भारतातले ठळक उदाहरण. गैरसमजही तिच्याभोवती बरेच साचले.

योजनेने नमुना म्हणून घेतलेला गुजरातमधल्या आणंदचा सहकार परदेशी पैशातून जन्मला, हा त्यातला सर्वांत सहज खोडता येणारा. आणंदच्या खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी डिसेंबर 1946 मधली. मुंबईला जाणारे दूध तेव्हा पोल्सन ही खासगी डेअरी गोळा करी आणि भावही तीच ठरवी. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संघ काढला. युनिसेफची यंत्रसामग्री आली ती पुढे, 1955 मध्ये सुरू झालेल्या भुकटीच्या कारखान्यासाठी.

दुसरा समज असा, की युरोपने दिलेली भुकटी गरिबांना फुकट वाटली गेली. युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या शेतकऱ्यांना दिलेल्या आधारभावामुळे तिथे भुकटीचे आणि लोण्याचे साठे तुंबले होते. हा माल स्वस्तात भारतात शिरला असता, तर इथल्या दुधाचा भाव पडला असता. शहरांतल्या सरकारी डेअऱ्या स्वस्त आयात भुकटीवर विसंबल्याने हा अनुभव आधीच आलेला होता. योजना आखणारे वर्गीज कुरियन यांची खरी हुशारी इथेच दिसते. पहिल्या टप्प्यासाठी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत 1,26,000 टन भुकटी आणि 42,000 टन बटर ऑइल देणगी म्हणून मिळायचे ठरले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथल्या डेअऱ्यांना ते विकत दिले गेले, तेही स्थानिक दुधाशी स्पर्धा होणार नाही अशा दराने. या विक्रीतून सुमारे 116 कोटी रुपये उभे राहिले. शीतकरण केंद्रे, टँकर, पशुखाद्य कारखाने आणि गावोगावच्या संस्था यांसाठी ते अंशतः अनुदान, अंशतः कर्ज म्हणून वापरले गेले.

योजनेने भारत परावलंबी झाला, हा आक्षेप मात्र निव्वळ गैरसमज म्हणून झटकता येत नाही. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी 1983 मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’त तो जोरकसपणे मांडला, आणि पुढच्या वर्षी एल. के. झा समितीने योजनेचे मूल्यमापन केले. परावलंबनाची भीती खरी ठरली नाही: देणगीच्या मालाचा ओघ थांबला तरी संघ चालू राहिले, आणि 1998 पर्यंत भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. पण या वाढीचे सगळे श्रेय योजनेला देणे हाही गैरसमजच. सहकारी संघांकडे येणारे दूध एकूण उत्पादनाचा लहानसा भाग होते. बाकीचे घरात वापरले जाई किंवा खासगी गवळी, व्यापारी उचलत.

राहिला लोकशाहीचा प्रश्न. आणंद पद्धतीत एक म्हैस असो वा दहा, सभासदाला मत एकच. निवडून आलेले मंडळ व्यवस्थापक नेमते. ही रचना पैशाबरोबर आपोआप सगळीकडे पोहोचली, असे मानले जाते. प्रत्यक्षात काही राज्यांत संघांच्या खुर्च्यांवर सरकारी अधिकारी बसले आणि निवडणुका लांबल्या. मदतीच्या पैशातून टँकर घेता आले. निवडणुका घेणे न घेणे राज्यांच्या सहकार खात्यांच्या हाती राहिले.