मोटारीची मोडलेली कमान

टांग्यातून जाणाऱ्याला आसनाखालची पोलादी कमान सहज दिसत असे. मोटारीत बसणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून तिची आठवण बहुधा ती मोडल्यावरच होते. खड्ड्यातून जाताना मागून खाडकन आवाज येतो, गाडी एका अंगाला किंचित कलते, आणि प्रवास तरीही चालू राहतो. तो तसाच चालू ठेवावा की नाही, हा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही.

उदाहरणादाखल ॲम्बॅसडर मोटार घ्यावी. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या नमुन्यावर घडविलेली ही मोटार पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथील कारखान्यात 2014 पर्यंत तयार होत असे, आणि अशा कित्येक गाड्या आजही चालत्या आहेत. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाजवळ, क्रमाने आखूड होत जाणारे पोलादी पाटे एकाखाली एक रचून केलेली कमान असते. सर्वांत लांब असा मुख्य पाटा वर असतो आणि त्याची टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. मागचा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला अडकविलेला असतो. कारण भाराने कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते व त्या वाढीला वाव लागतो. मध्यभागी यू-बोल्टांनी ॲक्सल कमानीशी आवळलेला असतो. अर्थात ही कमान नुसता भार पेलत नाही. ॲक्सलला जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तीच करते. खालचा आखूड पाटा मोडला तर गाडी खचते. मुख्य पाटा मोडला तर ॲक्सलच जागा सोडू लागतो. सारे मर्म या भेदात आहे.

पाटा एकाएकी तुटल्यासारखा वाटला, तरी त्याचे तुटणे फार आधी सुरू झालेले असते. प्रत्येक खड्ड्यात तो वाकतो व त्याच्या वरच्या अंगावर ताण पडतो. गंजाच्या एखाद्या खळगीतून केसाएवढी भेग निघते आणि हळूहळू आत उतरते. यू-बोल्ट सैल असतील तर मधल्या बोल्टाच्या छिद्राशीच ती धरते. मोडलेल्या कडेवर हा इतिहास स्पष्ट दिसतो: जुन्या भेगेचा भाग काळसर व गुळगुळीत, शेवटी तुटलेला भाग चकचकीत व खरबरीत.

निदानासाठी रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करावी आणि टायरांतील हवा सारखी करावी. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एक बाजू बरीच खाली असेल तर तेथील कमान संशयास्पद समजावी. त्यानंतर पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर डावीकडे व उजवीकडे मोजावे. त्यात फरक पडला तर ॲक्सल सरकलेला आहे. मुख्य पाटा किंवा मधला बोल्ट तुटला असण्याचा संभव मोठा. अशी गाडी तिरकी धावते आणि ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. ती चालवू नये. शेवटी तारेच्या ब्रशाने चिखल काढून पाटे बारकाईने पाहावेत; यू-बोल्टाखालची भेग मात्र कमान उतरविल्याखेरीज दिसत नाही.

कमान बदलताना पुढच्या चाकांना अडण लावावी व गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. दुसरा जॅक ॲक्सलखाली ठेवून, कमानीवरचा भार उतरल्यावरच यू-बोल्ट, शॅकल व पुढची पिन काढावी. ॲक्सल खाली घेताना ब्रेकच्या नळीला ताण बसू देऊ नये. नवी कमान बसविताना मधल्या बोल्टाचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील छिद्रात नेमके बसले पाहिजे, आणि यू-बोल्टही नवेच घालावेत. डोळ्यांत रबरी बुश असतील तर तेथील नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पूर्ण आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. काहीशे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

खर्च वाचविण्यासाठी मोडका पाटा वेल्डिंगने जोडण्याचा मोह होतो. परंतु पाट्याचे सामर्थ्य त्याच्या पोलादाला दिलेल्या पाण्यात असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरते, आणि पाटा पुन्हा मोडतो तो जोडाच्या आसपासच. एकाच बाजूची कमान बदलणे हीदेखील अर्धी दुरुस्ती होय. दुसरी बाजू वापराने बसलेली असते व गाडी कललेलीच राहते. दोन्ही कमानी एकदम बदलणे हेच श्रेयस्कर.

आजच्या बहुतेक नव्या मोटारींत मागे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या आहेत. मालमोटारींना मात्र अद्याप पाट्यांचाच मोठा आधार आहे. गाडी कोणतीही असो, पावसाळा सरल्यावर एकदा तिच्या पोटाखाली डोकावून पाहावे. भर घाटात खाडकन होणारा आवाज त्याआधी कित्येक महिने एका बारीक भेगेच्या रूपाने तेथे दिसत असतो.