चिंच आणि जस्त

पहाटे ५.३०. मांडवीच्या जेटीवर फेरी. दिवाळी तोंडावर आली, पाऊस सरला, तरी हवेतला दमटपणा सरत नाही. वारा सुटला की ओठांवर खार जाणवतो. फिरायला येणाऱ्यांना हीच हवा हवी असते. माझ्या घराच्या समुद्राकडच्या खिडक्या मात्र बारमाही बंद, कारण आत जुने जर्मन बिल्ले आहेत आणि त्यांतले बरेचसे जस्ताचे.

७.००. पावसाळाभर मिटलेले डबे उघडायचे, सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मनांची कित्येक पदकं टोंबाकची, म्हणजे तांबं जास्त असलेल्या पितळेची होती. पुढे तांब्याची टंचाई झाली आणि काम जस्तावर आलं. टोंबाकवरचा चांदीचा मुलामा ऐंशी वर्षांनीही तग धरतो. जस्तावरचा विरून जातो, राखाडी अंग उरतं. त्याला माझी हरकत नसते. त्या धातूचं म्हातारपण तसंच असतं. पण पांढरी भुकटी दिसली की तो बिल्ला लगेच वेगळ्या डब्यात. आज एकच निघाला, तोही कडेलाच.

९.००. भंगारवाल्याकडे चक्कर. दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात, त्यामुळे संग्राहकाचा खरा हंगाम हाच. त्याचे ढीग ठरलेले: पितळ, तांबं, जर्मल. त्या जर्मलच्या ढिगात मागे पूर्व जर्मनीचा ॲल्युमिनियमचा क्रीडाबिल्ला सापडला होता. बहुधा कुणा खलाशाने आणलेला. बोटीवर गेलेली माणसं आपल्याकडे थोडी नाहीत. आज नळाच्या तोट्या आणि फुटकी समई.

१०.३०. राम आळीतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सेल बदलणं, पट्टे बदलणं.

१२.००. संगमेश्वराकडचा एक तरुण रुमालाची गाठ सोडतो. "काका, आजोबांचं आहे. इटलीत होते, मराठा पलटणीत."

भिंग डोळ्याला लावतो आणि बिल्ला उलटा करतो. लोक पुढून बघतात. लबाडी बहुतेक वेळा पाठीमागे असते. हा जखमी जर्मन सैनिकाला मिळणारा १९३९ चा बिल्ला. एक-दोन जखमांना काळा, तीन-चारला रुपेरी, पाच किंवा जास्त जखमांना सोनेरी. हा काळा, निदान कधीकाळी होता. लोहचुंबक चिकटलं, म्हणजे पोलादी पत्रा. पाठ पोकळ, ठशातून दाबून काढलेली, कडा धारदार. ओतीव नक्कल असती तर रेषा बोथट दिसल्या असत्या, बारीक छिद्रं दिसली असती. पिन मूळची, डाखही जुना. अस्सल आहे.

पण अस्सल आणि चांगला हे दोन वेगळे प्रश्न. काळा रंग फक्त खोबणीत उरलेला, बाकी पोलाद उघडं आणि त्यावर तांबूस गंज.

"घासायचात काय?"

"आजी घासायची. दर खंडेनवमीला, चिंच लावून. आजोबांच्या पदकांसोबत पूजेला असायचा."

बिल्ल्यावरच्या हेल्मेटवर नाझींचं स्वस्तिक आहे. त्यालाही हळदकुंकू लागलं होतं. त्या चिन्हाखाली लाखो ज्यूंची कत्तल झाली, हे नातवाला ठाऊक होतं. आजीला कुणी सांगितलंच नसावं. १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीने आपल्या जुन्या सैनिकांना पदकं पुन्हा लावू दिली, पण हे चिन्ह काढून. माझ्याकडचे असले बिल्लेही खणात असतात, भिंतीवर नाहीत.

जर्मन संग्राहक अवस्थेला आकडे देतात. एक म्हणजे जवळपास न वापरलेला. याला मी मनात चार दिला. समुद्राच्या हवेने इतकं नुकसान व्हायला किती दसरे लागले असते कोण जाणे.

"किती येतील?"

"फार नाहीत. विकू नकोस." मग त्याच्याकडून आजोबांची पलटण, गाव, सांगितलेल्या आठवणी कागदावर लिहून घेतल्या आणि कागद बिल्ल्यासोबत ठेवायला सांगितला. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, ते इटलीतच. आजोबांनी त्यांचं नाव घेतल्याचं पोराला आठवत होतं. माझ्या लेखी बिल्ल्यापेक्षा तो कागद मोलाचा.

४.००. उजेड तिरपा झाला, मीनाकाम बघायची हीच वेळ. समोरून निर्दोष दिसणाऱ्या मीन्यातली केसाएवढी चीर तिरप्या उजेडात चमकते. हातात १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा छोटा पिन. त्या वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला होता; असला एखादा पिन विदर्भातल्या कुठल्या तरी ट्रंकेत पडून असेल, असं मला उगाच वाटत राहतं. माझ्या पिनवरच्या एका कड्याचा टवका उडालाय आणि आधीच्या मालकाने तो रंगाने भरलाय. भट्टीतला मीना काचेसारखा गार आणि कठीण. हा सुईच्या टोकाला मऊ लागतो. टवका तसाच ठेवला असता तर मी दीडपट दाम दिले असते.

७.३०. वहीत नोंदी. नंतर प्रत्येक बिल्ला आम्लविरहित कागदात, मग डब्यात. वर्तमानपत्र नको, स्वस्त प्लॅस्टिकची पिशवी त्याहून नको.

८.१५. स्वयंपाकघरातून हाक: "अहो, ते डबे ओट्यावरून उचला. समया घासायच्यात, चिंच भिजत घातलीय."

उचलले. पांढऱ्या भुकटीवालाही मोजून घेतला. मागच्या दिवाळीला हिने त्याच्यावर हात फिरवायची तयारी केली होती.