शेपट्यांचं झाड

कोविडच्या काळात नाकात काडी घालून घेतलेला नमुना आठवतो? आरटी-पीसीआर चाचणीत त्यातून विषाणूच्या जनुकीय मजकुरातले ठरावीक छोटे तुकडे शोधत. पण वाटेल तो तुकडा चालत नाही. तो या विषाणूत हमखास हवा आणि साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंत, त्याच्या भाऊबंदांत, नको. असा तुकडा निवडायचा कसा?

विषाणूचा मजकूर जेमतेम ३०,००० अक्षरांचा. पण त्यातून सलग तुकडे किती निघतात? जवळजवळ ४५ कोटी! एकेक उचलून प्रत्येक मजकुरात शोधायचा म्हटलं, तर कॉम्प्युटरलाही घाम फुटेल.

१९७३ साली पीटर वाइनर यांनी यावर एक अफाट युक्ती काढली. तुकड्यांच्या मागे लागूच नका. फक्त शेपट्या घ्या. म्हणजे प्रत्येक अक्षरापासून शेवटपर्यंतचा मजकूर. ‘कडकड’ लाल शाईत लिहू, ‘गडगड’ निळ्या. आता दोघांच्या शेपट्या शब्दकोशासारख्या लावा: कड, कडकड, गड, गडगड, ड, ड, डकड, डगड. पाहिलंत? ‘क’ची सगळी वस्ती लाल, ‘ग’ची सगळी निळी, आणि ‘ड’च्या घरात दोन्ही रंग. वेगळेपण आपोआप गटागटानं येऊन बसलं!

या शेपट्यांचं झाड करायचं. सुरुवात सारखी असेपर्यंत एकच फांदी, अक्षर बदललं की फाटा, शेपटी संपली की पान. बाद फेरीच्या कुस्त्यांत १६ पैलवान असले की १५ लढती होतात, तसंच इथं फाटे पानांपेक्षा कमीच भरतात. आणि दोन फाट्यांमधल्या फांदीवर कुठंही थांबा, पुढं लागणारी पानं तीच. म्हणून ४५ कोटी तुकड्यांचा हिशेब ६०,००० पेक्षा कमी ठिकाणी मावतो! शिवाय वाइनर यांचं झाड मजकुराच्या लांबीच्याच प्रमाणात वेळ घेतं: मजकूर दुप्पट, तर काम दुप्पट. दोन मजकुरांतला सर्वांत लांब सामाईक तुकडा इतक्या झटपट सापडणं अशक्य, असा डोनाल्ड नूथ यांच्यासारख्या संगणकशास्त्रातल्या दिग्गजाचा १९७० मधला अंदाज होता. तीनच वर्षांत तो खोटा ठरला.

आता प्रत्येक मजकुराला वेगळा रंग द्या आणि सगळ्यांचं मिळून एकच झाड करा. एखादा तुकडा किती मजकुरांत आहे? त्याच्या फाट्याखाली जितके रंग, तितक्या. पण एकाच रंगाची पानं पुन्हा पुन्हा येतात, त्यांचं काय?

१९९२ मध्ये लुकास हुई यांनी दिलेलं उत्तर मला तर निव्वळ सुंदर वाटतं. हाताची पाच बोटं पसरा. फटी किती? चार. बोटांतून फटी वजा केल्या की नेहमी एकच उरतो. तसंच एका रंगाची पानं ओळीनं घ्यायची आणि लागोपाठच्या दोन पानांच्या वाटा मुळाकडे येताना जिथं मिळतात, त्या फाट्यावर एक खूण करायची. मग कुठल्याही फाट्याखालची पानं मोजा, तिथल्या आणि त्याखालच्या खुणा वजा करा. रंग लालच असो वा निळा, पानं दोन असोत वा दोन हजार, त्याचा वाटा नेमका एक!

मग झाडावर पानांकडून मुळापर्यंत एकच फेरी मारायची. ज्या फाट्याखाली आपल्या विषाणूच्या सगळ्या नमुन्यांचे रंग आहेत आणि भाऊबंदांचा एकही नाही, मुळापासून तिथवरची अक्षरं वाचत आलात की हवा तो तुकडा तुमच्या हातात असतो.