बीकेसीजवळ लक्झरी फ्लॅट भाड्याने घेताय? टोकन पाठवण्याआधी मोबाईलवर एवढं तपासा

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात म्हणजे बीकेसीमध्ये नोकरी लागली की पहिला प्रश्न येतो राहायचं कुठे? भूमिगत मेट्रो ३ आता आरे ते कफ परेडपर्यंत धावते आणि बीकेसीला स्टेशनही आहे. तरीही अनेकांना ऑफिसजवळच घर हवं असतं. मग दोन-तीन मित्र मिळून स्विमिंग पूल, जिम असलेल्या टॉवरमध्ये ३ बीएचके शोधतात. अ‍ॅपवर फोटो भारी दिसतात, भाडं जरा कमी वाटतं, आणि समोरचा म्हणतो, "लगेच टोकन टाका, नाहीतर फ्लॅट जाईल." इथेच थांबा!

फसवणूक कशी होते?

दुसऱ्याच फ्लॅटचे फोटो उचलून खोटी जाहिरात टाकली जाते. "मी सैन्यात आहे, पोस्टिंग बाहेर आहे, फ्लॅट बघायला गेट पासचे पैसे भरा, नंतर परत मिळतील," असं सांगून क्यूआर कोड पाठवला जातो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: यूपीआय पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. "रिफंडसाठी कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या.

फोनवर काय तपासायचं?

१. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच हॉल दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत दिसला, तर विषय संपला.

२. मालकाकडे इंडेक्स २ मागा. नोंदणी व मुद्रांक शुल्क विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये तो तुम्हाला स्वतःलाही शोधता येतो. त्यातलं नाव, वीजबिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळतंय का ते बघा.

३. फ्लॅट प्रत्यक्ष बघा आणि सोसायटीच्या ऑफिसमध्ये मालकाचं नाव विचारा. व्हिडिओ कॉलवर भरवसा ठेवून टोकन देऊ नका.

करार ऑनलाइन होतो का?

हो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नुसता नोटरी केलेला कागद चालत नाही. आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ही नोंदणी घरबसल्या होते. मित्र एकत्र राहणार असतील तर सगळ्यांची नावं करारात घाला, नाहीतर डिपॉझिट परत घेताना वाद होतो.

खर्च किती?

समजा भाडं १,२०,००० रुपये, डिपॉझिट ४ लाख आणि मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं, पण ते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर. म्हणजे १३,२०,००० अधिक साधारण ३६,७००. शुल्क होतं सुमारे ३,४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय थोडे किरकोळ खर्च. लाखोंच्या डिपॉझिटपुढे ही रक्कम काहीच नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एका व्यक्तीने महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त भाडं दिलं, तर भाडेकरूने स्वतः २ टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. मालक परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आहेत, आधी सीएला विचारा.

पैसे गेलेच तर?

लाजू नका, वाट बघू नका. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. चॅट, क्यूआर कोड आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

घर शोधणाऱ्या एखाद्या मित्राला हा लेख नक्की पाठवा. त्याचं टोकन वाचेल!