तीर्थाच्या बारवा : नोंदी कुठे शोधाव्यात?

• बारव : पाण्यापर्यंत पायऱ्या असलेली बांधीव विहीर. अनेकदा भिंतींत मूर्तींसाठी देवकोष्ठे.

• पुष्करणी : देवळालगतचे पायऱ्यांचे कुंड.

• प्रकार : प्रवेशांच्या संख्येवरून नंदा (१), भद्रा (२), जया (३), विजया (४).

• स्थलमाहात्म्य : तीर्थाचे नाव, दैवत, पर्वकाळ कळतो. बांधकामाचा काळ त्यावरून ठरत नाही.

• शिलालेख : दाता व शक कळू शकतो.

• १९०० : हेन्री कझिन्स यांची निजामाच्या हैदराबाद राज्यातील (मराठवाडा तेव्हा त्यातच) पुरावशेषांची यादी प्रसिद्ध.

• १९१४ : हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन. पहिले संचालक गुलाम याझदानी.

• १ नोव्हेंबर १९५६ : मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात. त्याआधीच्या सरकारी नोंदी हैदराबादच्या नावाखाली.