विस्तृत क्षेत्राच्या तेजोमेघ-छायाचित्रांतील नैसर्गिक रंग

वृश्चिकेतील ज्येष्ठा आणि तिच्या उत्तरेस सुमारे तीन अंशांवर असलेला भुजंगधारीतील ऱ्हो हा तारा यांच्या आसपासचे आठ-दहा अंशांचे आकाश छायाचित्रकाराच्या दृष्टीने विलक्षण संपन्न आहे. ऱ्होभोवती निळा तेजोमेघ आहे, ज्येष्ठेभोवती पिवळा आहे, ज्येष्ठेच्या पश्चिमेस सिग्मा वृश्चिक या ताऱ्याभोवती तांबडा आहे. आणि या सर्वांच्या मधून धुळीचे काळे पट्टे पूर्वेकडे पसरत गेले आहेत. या एकाच क्षेत्राची निरनिराळ्या निरीक्षकांनी घेतलेली छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मुख्य तेजोमेघांच्या रंगाविषयी बहुधा एकमत आढळते. परंतु कडेच्या विरळ धुळीकडे दृष्टी वळविताच हे एकमत संपते. कोणाच्या चित्रात ती तपकिरी असते, कोणाच्या राखी, तर कोणाच्या चक्क निळी. हे तिन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. ही तफावत कोठे उत्पन्न होते व ती कशी टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नव्हे. वरील क्षेत्रात रंग हा अलंकार नसून पुरावा आहे. ऱ्हो हा बी वर्गाचा उष्ण तारा असून त्याचा प्रकाश भोवतालचे धूलिकण विखुरतात आणि विखुरताना लघु तरंगांना झुकते माप देतात, म्हणून तेथे निळा रंग दिसतो. ज्येष्ठा ही सुमारे ३६०० केल्विन तापमानाची महाराक्षसी तारका. तिच्या प्रकाशाच्या बाबतीतही धूळ हेच करते. परंतु मूळ प्रकाशातच निळा अंश अल्प असल्यामुळे परिणाम पिवळा होतो. सिग्मा वृश्चिकाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचे आयनीभवन होते आणि इलेक्ट्रॉन व प्रोटॉन पुन्हा एकत्र येताना ६५६३ अँगस्ट्रॉमची आल्फा रेषा प्रकट होते. काही तेजोमेघ वायुरूप असून त्यांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा असतात हे विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली दाखविले. आणि कृत्तिकांभोवतीच्या तेजोमेघाचा वर्णपट खुद्द ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच असतो हे वेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली दाखविले. उत्सर्जन व परावर्तन हा जो भेद या दोघांनी वर्णपटदर्शकाने सिद्ध केला, तोच विस्तृत क्षेत्राच्या छायाचित्रात रंगरूपाने एका दृष्टिक्षेपात दिसू शकतो. मात्र निळा रंग जर प्रक्रियेतूनच आलेला असेल, तर त्यावरून परावर्तनाचे अनुमान काढणारा विद्यार्थी चित्रातील आकाशाविषयी काहीच शिकणार नाही.

‘नैसर्गिक रंग’ म्हणजे डोळ्यास दिसणारा रंग, अशी व्याख्या प्रथमदर्शनी सरळ वाटते; पण ती टिकत नाही. मंद प्रकाशात आपण दंडपेशींनी पाहतो. त्यांची संवेदना ५०७० अँगस्ट्रॉमच्या आसपास सर्वाधिक असून ६५६३ अँगस्ट्रॉमला ती तिच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. म्हणूनच मृगातील महातेजोमेघ मोठ्या दुर्बिणीतून हिरवट भासतो. हा ऑक्सिजनच्या ५००७ अँगस्ट्रॉम रेषेचा प्रभाव होय. याच रेषेस पूर्वी ‘नेब्युलियम’ नावाच्या कल्पित मूलद्रव्याची रेषा मानीत असत. तो गैरसमज आयरा बोवेन यांनी १९२७ साली दूर केला. यावर काही लोक असे सुचवितात की, तेजोमेघाच्या जवळ जाऊन पाहिले तर खरा रंग दिसेल. परंतु विस्तृत वस्तूचे पृष्ठतेज अंतरावर अवलंबून नसते. जवळ गेल्यास तेजोमेघ अधिक आकाश व्यापील. अधिक उजळ मात्र होणार नाही. तात्पर्य, डोळ्याचा दाखला येथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी व्याख्या अशी करावी लागते: वातावरणाच्या बाहेर पोहोचलेल्या प्रकाशातील तांबड्या, हिरव्या व निळ्या अंशांचे परस्पर प्रमाण, शुभ्रतेचा एक मानदंड सांगून, चित्रात जसेच्या तसे राखणे. ही व्याख्या मोजमापाची आहे, आणि मोजमाप चुकू शकते हाच तिचा गुण आहे.

फिल्मच्या काळी हे प्रमाण राखणे अतिशय कठीण होते. पालोमार येथील दुर्बिणींतून विल्यम मिलर यांनी घेतलेली रंगीत छायाचित्रे १९५९ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ती मोठी नवलाई ठरली; परंतु दीर्घ प्रकाशनात रंगीत फिल्मच्या तीन थरांची संवेदना सारख्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे रंगांची दुरुस्ती करणे मिलर यांना भाग पडले. १९७० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी मॅक्सवेलचा १८६१ सालचा मार्ग पुन्हा चोखाळला: तीन फिल्टरांतून तीन कृष्णधवल काचपट्ट्या घ्यावयाच्या आणि प्रयोगशाळेत त्यांचा संयोग करावयाचा. सायडिंग स्प्रिंग येथील श्मिट दुर्बिणीच्या एका काचपट्टीवर सुमारे साडेसहा अंशांचे आकाश मावत असे. ज्येष्ठेचा पिवळा व ऱ्होचा निळा तेजोमेघ सर्वांच्या परिचयाचा झाला तो प्रामुख्याने मॅलिन यांच्या कार्यामुळे.

आजचा अंकीय संवेदक या बाबतीत फार प्रामाणिक आहे. पडलेल्या प्रकाशाच्या सम प्रमाणात तो नोंद करतो. मग घोटाळा होतो कोठे? प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुख्यतः शून्य ठरविण्यात होतो, आणि या पायरीकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

पृथ्वीवरून घेतलेल्या प्रत्येक छायाचित्रात तेजोमेघाच्या प्रकाशात आकाशाचा प्रकाश मिसळलेला असतो. वातावरणाच्या वरच्या थरांतील ऑक्सिजनच्या ५५७७ व ६३०० अँगस्ट्रॉमच्या रेषा, राशिचक्रीय प्रकाश, आणि शहरांतील दिव्यांचा उजेड, हे सर्व त्यात आले. (सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश थोड्या तरंगलांबींपुरता मर्यादित असे, म्हणून तो फिल्टराने बराचसा अडविता येई, एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्वत्र पसरलेला असतो.) समजा, प्रत्येक रंगात आकाशाचा प्रकाश १००० एकके आहे, आणि एखाद्या मंद तेजोमेघाने त्यात तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांत अनुक्रमे २०, १० व १० एककांची भर घातली आहे. आकाश अचूक वजा केले तर २ : १ : १ हे प्रमाण मिळते. आता तांबड्या रंगात आकाश १००० ऐवजी १०१० मानले गेले, म्हणजे केवळ एक टक्का चूक झाली, असे धरू. शिल्लक राहते ती १० : १० : १०. तेजोमेघाचा रंगच नाहीसा झाला! उलट निळ्या रंगात आकाश ९९० मानले, तर शिल्लक २० : १० : २० अशी राहून तांबड्याचा किरमिजी होतो. आणि हीच एक टक्क्याची चूक जेथे तेजोमेघाचे योगदान २०००, १००० व १००० एकके आहे तेथे केली, तर १९९० : १००० : १००० असे प्रमाण येते, म्हणजे काहीच बिघडत नाही. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, तेजस्वी ताऱ्यांचे व तेजोमेघांच्या गाभ्यांचे रंग बरोबर आले म्हणजे चित्र बरोबर आले असे मुळीच नाही. दुसरी, विस्तृत क्षेत्राच्या छायाचित्राचे जे खास आकर्षण, म्हणजे सर्वदूर पसरलेले विरळ धूलिमेघ, तेच या चुकीला सर्वाधिक बळी पडतात.

प्रक्रियेचे बहुतेक प्रोग्रॅम पार्श्वभूमी आपोआप राखी करून देतात. क्षेत्राच्या कडेला खरोखर रिकामे आकाश असेल तर यात वावगे काही नाही. परंतु ज्येष्ठेच्या परिसरात रिकामे आकाश शोधावे कोठे? कडेला विरळ धूळ आहे, आणि धुळीने लालसर केलेला असंख्य मंद ताऱ्यांचा प्रकाश आहे. या मिश्रणात निळा अंश सर्वांत कमी असतो. ते मिश्रणच शून्य मानून वजा केले, म्हणजे तांबड्यातून अधिक व निळ्यातून कमी वजा होते. आणि त्याहून किंचितच उजळ असलेले सर्व भाग निळे होऊन बसतात. आकाशगंगेच्या कित्येक विस्तृत चित्रांत मधला भाग पिवळा आणि कडा निळ्या दिसतात, त्यांपैकी पुष्कळ निळाई ही अशी वजाबाकीची देणगी असते. चित्र टप्प्याटप्प्याने उजळीत जाताना प्रत्येक टप्प्याला काळा बिंदू पुन्हा पुन्हा वर सरकविला, तर हा दोष साचत जातो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे त्याच रात्री, तितक्याच उंचीवर, धुळीपासून दूर असलेले एखादे क्षेत्र टिपून तेथील आकाश मोजणे. तेवढी सवड नसेल तर चित्रातीलच एखाद्या निकटच्या, गर्द काळ्या मेघाचा गाभा उपयोगी पडतो. त्याच्या पलीकडचा तारकाप्रकाश जवळजवळ पूर्णपणे अडविला गेल्यामुळे तेथून येणारा प्रकाश बव्हंशी आपल्याच वातावरणाचा असतो. ‘बव्हंशी’ एवढ्यासाठी की, काळा मेघही भोवतालचा थोडा प्रकाश विखुरतोच. क्षेत्रभर आकाशाच्या उजेडाचा चढ-उतार काढून टाकताना तर अधिकच संयम हवा: वजा करावयाचा पृष्ठभाग शक्य तितका सौम्य असावा. बिंदूबिंदूंतून वळसे घेत जाणारा गुंतागुंतीचा पृष्ठभाग उजेडाबरोबर तेजोमेघालाही पुसून टाकतो.

शून्य नीट ठरले की उरलेली कामे त्या मानाने सोपी आहेत. मंद भाग दिसण्यासाठी चित्र स्ट्रेच करावे लागते. तिन्ही रंगांवर तोच वक्र स्वतंत्रपणे लावला तर प्रमाण दबते. घनमूळ घेतल्यास २ : १ : १ चे १.२६ : १ : १ होते, आणि रंग फिका पडतो. मग तो वाढविण्यासाठी संपृक्तता चढविण्याचा मोह होतो, आणि ती चढविताना उरलेला शून्यदोषही चढतो. याऐवजी एकूण तीव्रतेवरून एकच गुणक काढून तिन्ही रंगांना त्यानेच गुणावे, ही रीत रॉबर्ट लप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली स्लोन सर्वेक्षणाच्या चित्रांसाठी मांडली. तीत प्रमाण अबाधित राहते.

शुभ्रतेचा मानदंड म्हणून सूर्यासारखा जी-२ वर्गाचा तारा घेण्याची प्रथा आहे. २०२२ साली गाया वेधयानाच्या तिसऱ्या सूचीतून सुमारे २२ कोटी वस्तूंचे अल्पविभेदनाचे वर्णपट प्रसिद्ध झाल्यापासून चित्रातील शेकडो ताऱ्यांवरून हा मानदंड ठरविता येतो. त्यात वातावरणाने केलेले शोषणही आपोआप जमेस धरले जाते. ही सोय लहान नव्हे. पुण्याहून ज्येष्ठा क्षितिजाच्या वर फार तर ४५ अंश चढते, दिल्लीहून ३५ अंशच, आणि जितकी ती खाली तितका निळा प्रकाश अधिक हरवतो.

हायड्रोजनचा रंग तांबडा की गुलाबी, हा वाद मात्र ताऱ्यांवरून ठरविलेल्या मानदंडाने मिटत नाही. १०,००० केल्विन तापमानाच्या वायूत आल्फा रेषेची ऊर्जा बीटा रेषेच्या २.८६ पट असते. पण प्रकाशात सरावलेल्या डोळ्याची संवेदना ४८६१ अँगस्ट्रॉमला ६५६३ च्या दुपटीहून अधिक असते. सबब दोन्ही रेषा डोळ्याच्या मापाने जवळजवळ सारख्या उजळ ठरतात आणि त्यांचे मिश्रण जांभळट गुलाबी होते. मध्ये धूळ आली की बीटा रेषा अधिक क्षीण होऊन रंग तांबड्याकडे झुकतो. म्हणजे हा फरकही माहितीच आहे. बाजारातील साध्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडविणारा फिल्टर आल्फा रेषेचाही मोठा भाग गिळतो. तो काढून टाकलेला कॅमेरा गडद तांबडा रंग देतो. पहिला डोळ्याच्या वळणाने जातो, दुसरा फोटॉनांच्या हिशोबाने. दोन्ही मान्य करता येतात. चित्राखाली कॅमेऱ्याची जात नमूद न करणे मात्र मान्य करता येणार नाही. गरुड तेजोमेघाच्या स्तंभांचे हबल दुर्बिणीने घेतलेले १९९५ सालचे प्रसिद्ध चित्र, ज्यात गंधकाची रेषा तांबडी, हायड्रोजनची हिरवी व ऑक्सिजनची निळी दाखविली आहे, हे या चर्चेच्या बाहेरचे आहे, कारण त्याने नैसर्गिकतेचा दावा केलेलाच नाही.

शेवटची अडचण पडद्याची आहे. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉम रेषा निळ्या व हिरव्या फिल्टरांच्या सीमेवर पडते. फिल्टर कसे कापले आहेत यावर ती निळी, हिरवी वा मोरपंखी उमटते. आणि रुंद वर्णपटाच्या ताऱ्यांवर जुळविलेला मानदंड एकाच तरंगलांबीच्या या प्रकाशाला लागू पडेलच असे नाही. शिवाय तिचा शुद्ध रंग नेहमीच्या पडद्याच्या तीन मूलरंगांनी बनणाऱ्या त्रिकोणाच्या बाहेर असतो. तो दाखविण्यासाठी तांबड्याचे मूल्य ऋण असावे लागेल. पडदा ते शून्य करतो, आणि त्या एका रेषेपुरता तरी आपण नाइलाजाने फिकट रंग पाहतो.